एचओ बॉक्सकार: पेन्सिल्व्हेनियाच्या एक्स-२९ ला नेमका कोणता तपकिरी?

रूळकरी (धागाकर्ता)
पेन्सिल्व्हेनिया रेलरोडची एक्स-२९ ही चाळीस फुटी पोलादी बॉक्सकार (मालाचा बंद डबा) एचओ मापात (१:८७) बांधायला घेतली आहे. किट स्टायरीन प्लास्टिकचा, बॉडी कोरी राखाडी, ग्रॅब आयर्न (पकडायच्या दांड्या) सुटे. ब्रेकचे भाग के (जुने) आणि एबी (नवे) अशा दोन्ही प्रकारांचे आहेत. डेकलच्या (पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्रांच्या) पानावर वर्तुळातला कीस्टोन (कंपनीचं चिन्ह) आहे आणि सावलीवालाही.

घोडं अडलंय ते रंगापाशी. पेन्सीचा (पेन्सिल्व्हेनिया रेलरोडचा) ‘फ्रेट कार कलर’ बाटलीगणिक बदलतो. एकात विटकरी, दुसऱ्यात चॉकलेटी, तिसऱ्यात जवळजवळ नारिंगी. फ्लोक्विल हे रंग २०१३ मध्ये बंद झाल्यापासून जुन्या लेखांतली मिश्रणंही कामाची राहिली नाहीत. इथे मिळणाऱ्या टामिया किंवा व्हॅलेहोच्या रंगांमध्ये अचूक छटा कशी काढायची? आणि छत काळं की बॉडीच्याच रंगाचं?

उगाच_एक
वाघीण रंगवताय आणि पट्ट्यांचा उल्लेखच नाही?

८७वा_हिस्सा
आधी साल सांगा. रंगाचा प्रश्न तिसऱ्या नंबरचा आहे.

एक्स-२९ चं बांधकाम १९२४ पासूनचं, एकूण संख्या ३०,००० च्या आसपास. सुरुवातीच्या डब्यांना सपाट पत्र्याच्या टोकभिंती आणि क्रेको दारं. नंतरच्यांना यंग्सटाउनची नालीदार दारं, आणि शेवटच्या लॉटमध्ये नालीदार ड्रेडनॉट टोकं. म्हणजे किटमध्ये कोणतं टोक आणि कोणतं दार आहे त्यावरून नंबरांची मालिका ठरते. ती ‘ऑफिशियल रेल्वे इक्विपमेंट रजिस्टर’च्या त्या काळातल्या अंकात पडताळता येते. डेकलवर आहे म्हणून कुठलाही नंबर चिकटवला की टोक एका लॉटचं आणि नंबर दुसऱ्या लॉटचा, असं होतं.

ब्रेकचंही तेच. नव्या डब्यांना एबी ब्रेक १९३३ पासून. के ब्रेकवाले जुने डबे इतर रेल्वेंच्या रुळांवर पाठवायला १९५३ मध्ये पूर्ण बंदी आली. मधल्या वीस वर्षांत दोन्ही चालतात. सावलीवाला कीस्टोन १९५४ चा. म्हणजे सावलीचा कीस्टोन आणि के ब्रेक एकाच डब्यावर लावले तर जाणकार हसणारच.

रूळकरी
साल १९४८ धरलंय. टोकं सपाट, दारं यंग्सटाउन.

८७वा_हिस्सा
मग वर्तुळातला कीस्टोन. सावलीवाला कापून डबीत ठेवा. ब्रेक एबी लावा, जुन्या डब्यांवरही तोवर बदलून बसवलेले होते. के लावलात तरी १९४८ ला चूक नाही. फोटोतला डबा सापडला तर त्यात दिसेल तो.

गेरू_आणि_चुना
रंगाबद्दल सरळ बोलतो. पेन्सीचा असो की सँटा फेचा, या सगळ्या तपकिरीत रंगद्रव्य एकच, लोहाचा ऑक्साइड. स्वस्त, उन्हात न उडणारा, पोलादाला मानवणारा. आपल्याकडे तुळशीवृंदावनाला लावतात तो गेरू आणि घराच्या फाटकाला मारतात तो रेड ऑक्साइड प्रायमर ही त्याचीच भावंडं. त्यामुळे छटा कारखान्यागणिक, लॉटगणिक थोडी सरकायचीच. वर पाच वर्षांचं ऊन आणि कोळशाचा धूर.

पुरावा हवा असेल तर छायाचित्रकार जॅक डेलानोने १९४२-४३ मध्ये शिकागोच्या यार्डांत काढलेले कोडाक्रोम (रंगीत फोटो) पाहा. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात आहेत आणि घरबसल्या मोठे करून बघता येतात. एका ओळीतल्या दहा डब्यांत दहा तपकिरी दिसतील. त्यात कोणता ‘अचूक’?

जर्सीकर
गेरूभाऊ, इथे थोडा असहमत. दहा तपकिरी दिसतात हे खरं, पण त्यांना एक मध्य असतो आणि तो रेल्वेगणिक वेगळा असतो. ‘सगळेच मळके, काहीही चालेल’ म्हणून सरळ चॉकलेटी मारला तर शेजारी न्यूयॉर्क सेंट्रलचा डबा ठेवल्यावर दोन्ही एकाच बादलीतून काढल्यासारखे दिसतात. पेन्सीचा कल नारिंगीकडे ठेवा. १९४८ चा, मध्यम मळलेला डबा धरून टामियात असं:

एक्सएफ-९ (हल रेड) ३ भाग
एक्सएफ-७ (फ्लॅट रेड) १ भाग
एक्सएफ-५७ (बफ) अर्धा ते पाऊण भाग

बफ दोन कामं करतो. नारिंगी झाक देतो आणि रंग फिका करतो. लहान मॉडेलवर मूळ रंग जसाच्या तसा लावला की डोळ्याला गडद लागतो, म्हणून ही फिकट पायरी लागतेच. पांढरा घालून फिकं करू नका, गुलाबी होतं. बाटलीत बघून ठरवू नका. राखाडी प्रायमर मारलेल्या चमच्यावर फवारून, वाळवून, दिवसाच्या उजेडात बघा. वर चकचकीत आणि मग मॅट वार्निश आलं की छटा आणखी अर्धी पायरी गडद होते, तेही चमच्यावरच करून घ्या.

वाफाळ
कृष्णधवल फोटोवरून छटा ठरवणाऱ्यांसाठी एक इशारा. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसतच नाही, त्यामुळे लाल-तपकिरी डबा जवळजवळ काळा येतो. ‘छत काळं होतं’ हे निम्मे लोक अशाच फोटोवरून सांगतात.

८७वा_हिस्सा
+१. छताचं उत्तर: काही रेल्वे छताला आणि टोकांना काळं डांबरी कार-सिमेंट फासत, काही नुसता बॉडीचा रंग देत. तुमच्या सालचा, तुमच्या रेल्वेचा वरून काढलेला फोटो हाताशी नसेल तर बॉडीचा रंग द्या आणि काजळीने गडद करा. १९४८ म्हणजे वाफेची इंजिनं. छतावर काजळी बसतेच, ते काळं फासलेलं होतं की मळलेलं हे तीन फुटांवरून कळत नाही. छतावरची चालायची फळी मात्र लाकडाची ठेवा. पोलादी जाळीची फळी नव्या डब्यांवर चाळीशीच्या मध्यापासून सक्तीची झाली, जुन्यांवर लाकडीच टिकली. लाकडाचा रंग पत्र्याच्या आधी उडतो, म्हणून दोनतीन फळ्या राखाडीकडे झुकवा. सगळ्या नको.

पाचपावली
टामिया मागवायला तीन आठवडे. हार्डवेअरच्या दुकानातला रेड ऑक्साइडच पातळ करून मारला तर? गेरूभाऊंनी भावंड म्हटलंच आहे.

गेरू_आणि_चुना
भावंड म्हटलं, जावई करून घ्या म्हटलं नाही. तो प्रायमर लोखंडी फाटकासाठी दळलेला असतो. दाणा जाड, थर जाड. एचओमध्ये रिव्हेट जेमतेम पाव मिलिमीटरचा, एका हातात बुजतो. आणि पातळ करायला एनसी थिनर घातलात तर स्टायरीन सुरकुततं. टर्पेंटाइनने पातळ केलात तर दोन दिवस चिकट राहतो आणि घरातली सगळी धूळ त्यावर येऊन बसते.

गेरूचा उपयोग वेगळा आहे. मलमलीतून दोनदा चाळून, कोरडा, गंजाची पूड म्हणून. दाराच्या खालच्या रुळाशी, बोगीच्या चौकटीवर, पायरीच्या सांध्यात. पावसाळ्यात तो ओल धरून गुठळ्या करतो, तव्यावर मिनिटभर गरम करून घ्या.

चिमटी
रंगाआधी दोन शब्द ग्रॅब आयर्नवर, कारण रंग झाल्यावर भोकं पाडायला कोणी बसू नये.

तार ०.३ मिलिमीटर, फॉस्फर ब्राँझ सगळ्यात बरी. मोटर रिवायंडिंगवाल्याकडची तांब्याची तार फुकट मिळते पण बोट लागलं की वाकते, शिवाय तिच्यावर इनॅमल असतं, ते खरवडल्याशिवाय रंग धरत नाही. गिटारची पोलादी तार उलट्या टोकाची, निप्परच्या धारा खाते. तांबंच वापरायचं असेल तर हातभर तार एका बाजूने शिकंज्यात धरून दुसऱ्या बाजूने पक्कडीने ओढा. किंचित ‘सुटल्यासारखी’ जाणवते तिथे थांबा. सरळही होते आणि थोडी कडकही.

भोकाला ८० नंबरचं ड्रिल (०.३४ मिमी), हाताच्या पिन व्हाइसमध्ये. लॅमिंग्टन रोडला पीसीबीची कार्बाइड ड्रिलं ०.३५ ची मिळतात, धार अप्रतिम, पण तिरका जोर आला की काचेसारखी तुटतात आणि तुकडा भोकातच राहतो. आधी सुईने खळगा करा, ड्रिलला मेण लावा, आठदहा वळशांनी बाहेर काढून भुसा झटका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: आडव्या पायऱ्यांचं अंतर डोळ्याने नको. ०.५ मिमी स्टायरीनच्या पट्टीवर एकदा भोकांचा साचा करा, चारही कोपऱ्यांत तोच वापरा. बसवताना ग्रॅब आयर्न आणि भिंत यांच्यामध्ये ०.७ मिमीची पट्टी धरून मागून सुपरग्लूचा थेंब. नाहीतर एक आत, एक बाहेर, दात पडल्यासारखं दिसतं.

रूळकरी
चिमटीताई, किटमधल्या खालच्या रिकिबी प्लास्टिकच्या आहेत. ठेवू की बदलू?

चिमटी
बदला. ट्रॅकवर ठेवताना पहिलं तेच तुटतं. ए-लाइनच्या धातूच्या रिकिबी आहेत, नाहीतर ०.२५ × ०.५ मिमी पितळी पट्टी पक्कडीत वाकवून होतात. वरच्या दोन टोकांना ०.३ चं भोक न पाडता पट्टीच मागे वळवून फ्रेमच्या आत चिकटवा, ताण सहन करते.

लोणावळा_बँकर
मध्येच: हे सगळं आपल्या भारतीय वाघिणींसाठी का करत नाही कोणी? बीसीएनची (बंद मालडब्यांची) रांग किती देखणी दिसेल.

वाफाळ
करतात. पण गेजचं त्रांगडं बघा. एचओचा रूळ १६.५ मिमी, म्हणजे १४३५ मिमीचा ८७ वा भाग. आपलं ब्रॉडगेज १६७६, त्याला १९.२ मिमी लागतो. तयार रुळांवर भारतीय मॉडेल ठेवलं की पाय आखडून उभ्या राहिलेल्या म्हशीसारखं. बॉडी बरोबर, चाकं आत. मीटरगेज मात्र बारा मिमीच्या रुळावर चपखल बसतं.

लोणावळा_बँकर
म्हशीची उपमा आवडली. धाग्यावर परत येऊ या.

८७वा_हिस्सा
वजन राहिलं. एनएमआरएची (अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेची) शिफारस एचओला: १ औंस अधिक दर इंचाला अर्धा औंस. एक्स-२९ ची बॉडी सुमारे १४२ मिमी, म्हणजे ५.६ इंच. एकूण ३.८ औंस, साधारण १०८ ग्रॅम. चाकं-बोगीसकट तोलायचं.

टायरवाल्याकडे मिळणाऱ्या चिकट बॅलन्सिंगच्या पट्ट्या (५-५ ग्रॅमचे तुकडे) उत्तम. दोन्ही बोगींच्या वर सारखं वाटा, मध्ये नको. पट्टीचा गोंद उन्हाळ्यात सुटतो आणि आत खडखड होते, म्हणून कडेने इपॉक्सी. शिशाचे छर्रे पांढऱ्या फेव्हिकॉलमध्ये कालवून ओतू नका. ओलसर आम्लामुळे शिसं खातं, पांढरी पूड होते, आकारमान वाढतं आणि वर्षादोन वर्षांत डब्याच्या भिंती फुगतात. लोखंडी नटही नको, रुळाखाली अनकपलिंगचं चुंबक असेल तर डबा आपोआप सरकतो.

खडखडाट
आणि पळवायचा असेल तर: एका बोगीचा स्क्रू इतका सैल की ती चारही बाजूंना डुलेल, दुसरीचा इतका घट्ट की फक्त वळेल, डुलणार नाही. तिपाई डुगडुगत नाही, चौपाई डुगडुगते. ३३ इंची चाक एचओमध्ये ९.६ मिमी, धातूचं घ्या. प्लास्टिकची चाकं रुळांवरची घाण गोळा करून पुन्हा रुळांवरच पसरवतात. कपलरची मधली रेषा रुळाच्या माथ्यापासून ९.९ मिमी, केडी कंपनीच्या २०५ नंबरच्या गेजवर तपासा. खाली असेल तर बोगीवर तांबडा फायबर वॉशर, वर असेल तर बोल्स्टर (बोगी टेकते तो आडवा भाग) घासा. कपलर वाकवून उंची जुळवू नका.

एक्स-२९ ला पेन्सीच्या स्वतःच्या २डी-एफ८ बोगी. किटमध्ये सर्वसाधारण बेटेंडॉर्फ छापाच्या दिल्या असतील तर बदलण्याजोगी हीच एक गोष्ट, बाजूने सगळ्यात आधी तीच दिसते.

रूळकरी
रंग मारायला सुरुवात करतोय. ठाण्यात सध्या धो धो पाऊस. लॅकर थिनरने पातळ केलेला टामिया मारावा का?

चिमटी
आज नको. लॅकर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि रंगावर दुधाळ धुकं येतं. खोलीत दमटपणा ६०-६५ टक्क्यांच्या वर असेल तर थांबा किंवा बंद खोलीत एसी तासभर चालवून मग मारा. धुकं आलंच तर घासू नका. रिटार्डर घातलेलं थिनर अगदी भुरभुर फवारलं की बहुतेक वेळा निघून जातं.

एअरब्रशची सुई ०.३, दाब १५ ते १८ पीएसआय, अंतर आठ-दहा सेंटिमीटर. पहिला हात नुसता शिंपडल्यासारखा, दुसरा रंग बसवायला, तिसरा लागलाच तर. आधी बॉडी भांड्याच्या साबणाने धुऊन वाळवा, त्यानंतर फक्त आतून धरा. दाराच्या मागची फट आणि छताच्या कडेची खालची बाजू आधी मारा, तिथे राखाडी राहून जातो.

जर्सीकर
मॅटवर थेट डेकल लावू नका हेही लिहून ठेवतो. टामियाचा एक्सएफ खडबडीत वाळतो, फिल्मखाली हवा अडकते आणि चंदेरी चौकोन चमकतो. आधी चकचकीत वार्निश, चोवीस तास. मग डेकल १५-२० सेकंद कोमट पाण्यात. बोअरच्या पाण्यात क्षार असतात, कडेने पांढरं कुंपण उमटतं, बॅटरीचं डिस्टिल्ड वापरा. खाली मायक्रो सेट (डेकल बसवायचं द्रव), जागेवर बसल्यावर वर मायक्रो सोल (डेकल मऊ करणारं द्रव). सोल लागला की डेकल सुरकुततो. त्या वेळी हात मागे बांधा. शिवलात तर ताणला, ताणला तर गेला. एक्स-२९ च्या भिंतीवर रिव्हेटच्या उभ्या ओळी आहेत, त्यामुळे सोल दोनतीनदा लागेल आणि बुडबुड्यांना सुईने टोचावं लागेल. दुसऱ्या दिवशी ओल्या कापसाने गोंदाचे डाग पुसून मग मॅट.

पाचपावली
मॅटनंतर मळवणं की मळवल्यावर मॅट?

गेरू_आणि_चुना
मॅट, मग पूड. पुडीवर पुन्हा मॅट मारलंत तर निम्मी पूड अदृश्य होते, तेव्हा दुप्पट लावून ठेवा किंवा मारूच नका आणि डबा खालून धरा. टेस्टर्सचं डलकोट (मॅट वार्निश) वापरणाऱ्यांनी त्यावर आयपीएची (आयसोप्रोपिल अल्कोहोलची) वॉश द्यायची नाही, पांढरा भुरा येतो. ऑइल कलर आणि टर्पेंटाइनची वॉश चालते.

आणि मळ ओतू नका, वाहवा. ओघळ वरून खाली, रिव्हेटच्या रांगेपासून सुरू. टोकभिंतीवर चाकांनी उडवलेल्या मातीचे दोन उभे पट्टे, चाकांच्या रेषेत. बाजूंवर ते नसतात.

उगाच_एक
म्हणजे शेवटी पट्टे आलेच.

८७वा_हिस्सा
:) एक खास एक्स-२९ ची गोष्ट. हिच्या बाजूच्या पत्र्यांचा खालचा काठ आतल्या चौकटीशी पाणी धरून गंजायचा. पेन्सीने अशा डब्यांना तळाशी पत्र्याची ठिगळं मारली. ०.१३ मिमी स्टायरीनची अरुंद पट्टी, वर रिव्हेट डेकलची एक ओळ, आणि तुमचा डबा कारखान्यातला न वाटता कामाचा वाटतो. ठिगळ किती पॅनेलांना, हे फोटोवरून. रंगाच्या आधी लावायचं हे सांगायला नको.

रूळकरी
ठिगळ लावलं, तीन पॅनेल. चमच्यावर जर्सीकरांचं मिश्रण बफ पाऊण भागावर बरं वाटलं. चौथा चमचा गेरूभाऊंच्या शंकेखातर नुसता एक्सएफ-९ मारून दोन्हींवर काजळी चढवली. काजळीनंतर दोघांत फरक अगदी थोडा उरला, पण उरला.

गेरू_आणि_चुना
मग जर्सीकरांचाच मारा. तो थोडा उरलेला फरक दुसऱ्या रेल्वेचा डबा शेजारी आला की दिसतो, तेवढं मान्य.

जर्सीकर
पुढच्या डब्याला तेच मिश्रण थोडं बदलून वापरा, बफ कमी करून. एकाच रेल्वेचे दोन डबे तंतोतंत सारखे आले की खेळणं वाटतं.

रूळकरी
शेवटचा प्रश्न. डेकलच्या पानावर वजनाच्या ओळीशेजारी ‘न्यू’ आणि बांधणीची तारीख दिली आहे. तसंच लावायचं ना?

८७वा_हिस्सा
नाही. ‘न्यू’ हे पहिल्या वजनापुरतं. नंतर डबा पुन्हा तोलला की जुना आकडा रंगवून पुसायचे आणि ‘न्यू’च्या जागी तोलणाऱ्या ठिकाणाचं चिन्ह व नवा महिना-साल टाकायचे. १९४८ च्या डब्यावर १९४६-४८ मधली तारीख हवी. बॉडी मळवण्याआधी तेवढा चौकोन मास्किंग टेपने झाका, म्हणजे खालचा ताजा रंग तसाच राहील. टेप काढल्यावर त्याच ताज्या चौकोनावर आकडे. चाकांच्या पेट्यांत तेलाचा बोळा बदलल्याची तारीखही तशीच, छोट्या ताज्या ठिपक्यावर. बांधणीची मूळ तारीख मात्र बदलत नाही, ती आहे तिथे राहू द्या.

टेप मळवण्यापूर्वी लावायची विसरलात तर तिथे बफ किंचित जास्त घातलेला रंग ००० ब्रशने भरा. कडा सरळ नको, कामगार पट्टी घेऊन बसत नव्हता.